बॉडी बदलू की लेन्स घेऊ?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : कॅमेरा

या वेळच्या पत्रांत एकच घोळ निरनिराळ्या तोंडांनी आला आहे. खिशात पैसे थोडे, बॉडी जुनी, लेन्स किटमधली. आधी काय बदलायचं? 'लेन्स' असं सरसकट उत्तर देता येतं आणि बऱ्याच जणांना ते लागूही पडतं. पण उरलेल्यांचे पैसे त्याच उत्तराने बुडतात. म्हणून प्रत्येकाचं दुखणं वेगळं धरलं आहे. किमती दुकानागणिक हलतात, त्यामुळे त्या फारशा दिलेल्या नाहीत.

माझ्याकडे कॅनन १५००डी आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. हळदी-लग्नाच्या ऑर्डरी घेतो. दिवसा फोटो छान येतात, पण हळदीला घरात आणि रात्री स्टेजवर दाणेदार आणि हललेले येतात. ४० हजार रुपये जमवले आहेत. दुकानदार म्हणतो, सेकंडहँड फुल फ्रेम ६डी घे, अंधाराचा प्रश्नच मिटेल. घेऊ का?
— एक वाचक, पारोळा

घेऊ नका. निदान आत्ता नको.

पहिली अडचण साधी आहे. तुमची १८-५५ ही ईएफ-एस जातीची लेन्स आहे आणि ती ६डीवर बसतच नाही. फुल फ्रेमला ईएफ लेन्स लागते. म्हणजे बॉडीचे पैसे मोजून झाल्यावर लेन्ससाठी पुन्हा हात पसरायचे. दुसरी अडचण हिशेबाची. फुल फ्रेमचा सेन्सर तुमच्या सेन्सरच्या सुमारे अडीच पट मोठा, म्हणून अंधारातला फायदाही तेवढाच, सव्वा स्टॉपच्या जरा वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). तेच लेन्स एफ ५.६ वरून २.८ वर आली की चौपट प्रकाश आत येतो आणि १.८ वर आली की जवळपास दहापट. दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही. ६डीचा मधला फोकस पॉइंट अंधारात तुमच्या बॉडीपेक्षा कितीतरी चांगला धरतो. पण तुमचं दुखणं फोकसचं आहे की प्रकाशाचं, हे आधी बघायला हवं.

ते बघायला पैसे लागत नाहीत. मागच्या तीन ऑर्डरींतले सगळ्यात वाईट वीस फोटो काढा आणि प्रत्येकाची माहिती उघडून चार आकडे वहीत लिहा: शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), फोकल लेंथ. मग फोटो मोठा करून बघा. मागची भिंत कडक आणि माणूस फराटा मारल्यासारखा असेल तर माणूस हलला आहे. शटर १/३० किंवा १/४० वर गेलेला दिसेल. भिंतीसकट सगळंच हललं असेल तर हात हलला. आणि नवरदेव मऊ पण मागचा पडदा कडक असेल तर फोकस चुकला. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त दुसऱ्या दुखण्यावर चालतं. हळद लावणारी मावशी त्याने थांबत नाही, तिला निदान १/१२५ लागतो.

वहीत बहुतेक ठिकाणी १/४०, एफ ५.६, आयएसओ ६४०० अशी रांग लागली असेल, तर पहिला खर्च फ्लॅशचा. होय, लेन्सच्याही आधी. डोकं वर आणि बाजूला फिरणारा फ्लॅश घ्या. १० फुटांवर पांढरा स्लॅब असलेल्या खोलीत डोकं छताकडे वळवून एफ ५.६, आयएसओ ८००, शटर १/१२५ आणि फ्लॅशची पॉवर १/४ यापासून सुरुवात करा. मग फोटो बघून पॉवर एकेक पायरी वरखाली. किट लेन्सवरही हे फोटो स्वच्छ येतील.

फ्लॅश घेताना एक खोच आहे. कॅननच्या २००डी मार्क २ वर आणि १५००डीच्या काही नगांवर हॉट-शूच्या (बॉडीच्या डोक्यावर फ्लॅश बसतो ती खाच) मधोमधचा गोल कॉन्टॅक्टच दिलेला नाही. अशा बॉडीवर स्वस्तातला साधा मॅन्युअल फ्लॅश पेटत नाही. आपली बॉडी उलटसुलट करून बघा आणि फ्लॅश तिच्यावरच लावून, दोनचार वेळा उडवून मगच घ्या. सेल चार्ज होणारे घ्या, चारचे तीन संच. साध्या सेलवर एक हळद जेमतेम निघते आणि दोन फोटोंमधला वेळ वाढत जातो.

छतावरून उजेड परतवण्याची युक्ती दोन ठिकाणी फसते. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर सगळे चेहरे त्या रंगात न्हाऊन निघतात. घरी बसून तो रंग काढणं म्हणजे डोकेदुखी. आणि जुन्या धाब्याच्या घरात वर काळपट सरे आणि माती असते, तिथून काहीच परत येत नाही. तिथे फ्लॅश बाजूच्या चुन्याच्या भिंतीकडे वळवा. तीही नसेल तर दोन फूट बाय तीन फुटांचा थर्माकोल कुणाला तरी धरायला सांगा. हळदीच्या घरी पोरांना तोटा नसतो.

उरलेल्या पैशांत लेन्स. इथे बहुतेक जण ५० एमएमचा एफ १.८ घेतात, कारण तो स्वस्त आणि पार्श्वभूमी छान धुसर करतो. पण खोलीत मावतो का, ते आधी मोजा. तुमच्या बॉडीसाठी हिशेब असा: अंतराला २२ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा, की फ्रेमची रुंदी मिळते. १० फुटांवरून ५०ची लेन्स साडेचार फुटांहून कमी रुंदी बघते. नवरी आणि एक करवली, बस्स. २४ची लेन्स नऊ फूट, १८ची बारा फूट. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला लागल्यावरही ५०मध्ये सगळे येत नाहीत.

दुसरं, १.८ वर फोकसची खोली फार कमी मिळते. सहा-साडेसहा फुटांवर ५० एमएम, एफ १.८ असेल तर साधारण ११ सेंटिमीटरचा पट्टाच कडक येतो. नवरीच्या डोळ्यावर फोकस केला आणि नवरदेव वीतभर मागे उभा असला की तो गेला. जोडीला निदान २.८, घोळक्याला ४ किंवा ५.६ ठेवावंच लागतं. मग १.८चे पैसे कशाला मोजले, असा प्रश्न पडतो.

म्हणून तुमच्यासाठी सेकंडहँड १७-५० एफ २.८ जास्त कामाची. टॅमरॉनची स्टॅबिलायझेशन नसलेली आवृत्ती हलकी आणि कडक आहे, फक्त तिची मोटर घरघरते. सिग्माच्या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे, पण ती जड आहे आणि ७७ एमएमचा फिल्टर मागते. ५०चा एफ १.८ नंतर कधीही घेता येईल. नवरीच्या एकटीच्या फोटोला आणि मेंदीच्या हाताला तो चांगलाच आहे.

सेकंडहँड लेन्स तपासायला एक वर्तमानपत्र आणि मोबाइलची टॉर्च पुरते. एका बाजूने टॉर्च टाकून दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे दोनचार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, लेन्स परत द्या. मग वर्तमानपत्र टेबलावर पसरा, ४५ अंशांतून एका मथळ्यावर मधल्या पॉइंटने फोकस करा आणि एफ २.८ वर फोटो घ्या. कडक ओळ मथळ्याच्या पुढे किंवा मागे पडली तर तोच फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून घ्या. लाइव्ह व्ह्यूत बरोबर आणि व्ह्यूफाइंडरमधून चूक असेल तर ही लेन्स आणि तुमची बॉडी यांचं जमत नाही. महागड्या बॉडीत ते मेनूतून सुधारता येतं, १५००डीत नाही. म्हणून दुसऱ्याच्या बॉडीवर लेन्स कितीही छान चालली तरी आपली बॉडी सोबत घेऊन जा.

आणि स्टेजवर एलईडीची भिंत असेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून जलद गेलं की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. भिंत स्वतःच्या चालीने लुकलुकणारी निघाली तर पट्टे जाईपर्यंत शटर एकेक पायरी बदला. हा दोष ना बॉडीचा, ना लेन्सचा.

निकॉन डी३५०० आणि १८-५५ आहे. हिवाळ्यात हतनूर धरणावर पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. सगळे ठिपक्याएवढे येतात. २५ हजारांत जास्त मेगापिक्सेलची बॉडी मिळेल का?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, भुसावळ

मेगापिक्सेल तुमच्याकडे पुरेसे आहेत, २४. कमतरता फोकल लेंथची आहे. हतनूरच्या फुगवट्यावर चक्रवाकाची जोडी ४० मीटरवर आहे असं धरा. चक्रवाक साधारण ६५ सेंटिमीटर लांब. ५५ एमएमला त्या अंतरावर फ्रेमची रुंदी १७ मीटर होते आणि पक्ष्याच्या वाट्याला ६००० पैकी सव्वादोनशे पिक्सेल येतात. ३०० एमएमला फ्रेम तीन मीटरच्या आसपास आणि पक्षी साडेबाराशे पिक्सेलचा. म्हणजे चार इंच रुंद, छापता येईल असा फोटो. बॉडी ४५ मेगापिक्सेलची घेऊन ५५च लावलीत तर पक्षी सव्वातीनशे पिक्सेलांच्या पुढे जात नाही.

म्हणून ७०-३०० एफ ४.५-६.३ एएफ-पी घ्या, पण नावात व्हीआर (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) असलेलीच. दिसायला तशीच, व्हीआर नसलेली दुसरी लेन्सही बाजारात आहे आणि सेकंडहँड जाहिरातींत दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. बॅरलवर 'व्हीआर' छापलेलं बघा. लेन्सवर खटका नाही. व्हीआर कॅमेऱ्याच्या मेनूतून चालू करायचा. तुमच्या डी३५००वर ती नीट चालते. डी३१०० किंवा डी३२०० असलेल्या मित्राला मात्र सुचवू नका, त्यांवर ती फोकसच करत नाही.

उडत्या पक्ष्याला शटर १/१००० किंवा त्याहून जलद, अ‍ॅपर्चर ६.३, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा ३२००. पाण्यावर बसलेल्याला १/५०० पुरे. सूर्य पाठीशी ठेवा आणि होता होईतो खाली बसा. काठावर उभं राहून काढलेला फोटो पक्ष्याच्या पाठीचा येतो.

एक गोष्ट कुठलीच लेन्स सुधारत नाही. दहा-साडेदहा वाजले की तापलेल्या गाळावरून आणि पाण्यावरून हवा थरथरायला लागते आणि लांबचं सगळं वितळल्यासारखं दिसतं. लोक त्याला लेन्सचा दोष समजून ती विकून टाकतात. सूर्योदयापासून दोन-अडीच तास, एवढीच खरी वेळ. ६०० एमएमची लेन्स भाड्याने आणलीत तरी दुपारी हेच होणार. उलट जास्त होणार.

सातपुड्यात वन पिंगळा शोधायला जायचा विचारही पत्रात आहे. १९९७ साली शहादा परिसरात हा पक्षी पुन्हा सापडला, तोवर तो नामशेषच समजला जात होता. तो दिवसाही दिसतो, त्यामुळे प्रकाशाची तेवढी अडचण नसते. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. घरटं सोडून तो त्या आवाजामागे येतो, आणि ३०० एमएमवर त्याची काही गरजही नसते.

काकांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या निकॉन लेन्स कपाटात सापडल्या: ५० एमएम एफ १.८डी आणि ८०-२०० एफ २.८डी. माझ्या डी५६००वर बसतात, पण ऑटोफोकस होत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो लेन्स बिघडल्या. विकून नवी घेऊ?
— एक वाचक, धुळे

या वेळच्या पत्रांतल्या ज्या प्रकरणांत बॉडीच बदलायला हवी, त्यांतलं हे एक.

लेन्स बिघडलेल्या नाहीत. नावातल्या शेवटच्या 'डी'चा अर्थ एवढाच की लेन्स अंतराची माहिती कॅमेऱ्याला देते; तुमच्या या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. बॉडीच्या माउंटमधून एक छोटा स्क्रू बाहेर येतो आणि तो लेन्स फिरवतो. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींत तो स्क्रूच नाही. माउंटच्या कड्यावर साधारण सातच्या काट्याजवळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी लहान पट्टी दिसते का बघा; तुमच्याकडे नसेल. डी७१०० आणि डी७२०० यांत ती आहे. यांपैकी सेकंडहँड बॉडी घेतलीत तर ८०-२०० एफ २.८सारखी लेन्स जागच्या जागी जिवंत होते. तशी नवी घ्यायला बॉडीच्या कितीतरी पट पैसे पडले असते. वर दोन कार्डांची सोयही मिळते.

नवी मिररलेस झेड मालिका घेऊन अ‍ॅडॉप्टर लावावा असंही कुणी सुचवेल. त्याला नको म्हणा. एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्येही स्क्रू नाही, त्यामुळे या दोन्ही लेन्स तिथे हातानेच फोकस कराव्या लागतील.

डी७२०० आणल्यावर स्क्रीनवर एफईई अशी खूण आली तर घाबरू नका. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे रंगीत २२ वर फिरवून शेजारचा खटका बंद करा. रिंग जरा जरी सरकली तरी कॅमेरा फोटो घेत नाही. सेकंडहँड निकॉनचा शटर काउंट फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. विकणाऱ्याकडून मोबाइलवर आलेला फोटो घेऊ नका, त्यात ती माहिती पुसली जाते. कार्डावरची मूळ फाइल मागा. डी७२०० ची चाचणी दीड लाख फोटोंपर्यंतची आहे. ५०-६० हजार झालेली बॉडी बेलाशक घ्या.

कपाटात इतकी वर्षं पडलेल्या लेन्सची बुरशी मात्र आधी तपासा. कडेला थोडी असेल तर साफ करून मिळते. काचेवरचा लेपच खाल्ला असेल तर डाग राहतोच. पुढे या लेन्स घट्ट झाकणाच्या दहा लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात, २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठी जेवणाची कढई घेऊ नका. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

आम्ही चार जणी मिळून बिबड्या, उडदाचे पापड आणि काळा मसाला विकतो. मोबाइलवरच्या फोटोंत माल मळकट दिसतो. १५ हजारांत जुना कॅमेरा घ्यावा की मोबाइललाच लावायची लेन्स?
— बचत गटातील ताई, अमळनेर

ताई, दोन्ही नको. पंधरा हजार मालात घाला.

माल मळकट दिसतो याचं कारण कॅमेऱ्याचा अंदाज. समोर सगळं पांढरं दिसलं की तो 'उजेड फार झाला' असं समजून फोटो गडद करतो, म्हणून बिबड्या करड्या येतात. काळ्या मसाल्याला नेमकं उलट: तो उजळ करतो आणि मसाला जुना, विटका दिसतो. पडद्यावर बोट दाबून ठेवा, फोकस पक्का होईल. मग बाजूला येणारी सूर्याची खूण वर किंवा खाली सरकवा. बिबड्यांना वर, मसाल्याला खाली.

खिडकीपासून दोन-तीन फुटांवर पाट ठेवा, ऊन थेट येणार नाही अशी वेळ धरा आणि ट्यूबलाइट बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की पांढरा पिवळट-निळा होतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. पापडाचे फुगे आणि बिबडीवरचे तीळ उठून दिसायला उजेड बाजूनेच हवा, वरून नको. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका, माल एका बाजूला फुगलेला दिसतो. दोन-तीन फूट मागे राहा आणि मोबाइलमध्ये दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. फोटो काढण्याआधी मागची काच पदराने नव्हे, स्वच्छ सुती कापडाने पुसा. तिच्यावरचं तेलाचं बोट हेच निम्मं मळकटपण.

१५००डीवर लग्नाचे व्हिडिओ आणि हळदीच्या गाण्यांचे रील करतो. माणूस चालत आला की फोकस सुटतो. एसटीएम मोटरची लेन्स घेतली तर सुधारेल?
— एक वाचक, शिरपूर

नाही. १५००डी व्हिडिओ चालू असताना आपणहून फोकस धरून ठेवत नाही. तिच्या सेन्सरवर ती सोयच नाही. लेन्स कितीही चपळ असो, तिला सांगणारं कुणी नाही. व्हिडिओच पोट भरत असेल तर बॉडी बदला. आर५० किंवा आर१० घेतलीत तर तुमच्या जुन्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कॅननच्या अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकससह चालतात, म्हणून लेन्स लगेच विकू नका.

दोन गोष्टी आधी ठाऊक असू द्या. आर५०वर फ्लॅशची जुनी जोडणी नाही, तुमचा नेहमीचा फ्लॅश लावायला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. आर१०वर तो सरळ बसतो. आणि या दोन्ही बॉडींत सेन्सर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे ५० एफ १.८ हातात धरून चालत घेतलेला व्हिडिओ हिंदकळणारच. आयएस (लेन्समधलं स्टॅबिलायझेशन) असलेली १८-५५ तिथे बरी.

उन्हाळ्यातल्या लग्नांत आणखी एक. या कॅमेऱ्यांना ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायचं सांगितलेलं असतं आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ला टेकतो. भर दुपारी फोर-केवर सलग रेकॉर्डिंग केलंत तर कॅमेरा तापून बंद पडू शकतो. वरातीला फुल एचडी ठेवा, मधूनमधून बंद करा आणि बॉडीवर ओला नव्हे, कोरडा पांढरा रुमाल टाका. गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.

केळीच्या पानावरच्या करप्याचे अगदी सुरुवातीचे ठिपके टिपायचे आहेत. कॅनन २००डी, १८-५५ आणि ५० एसटीएम आहे. मॅक्रो लेन्स परवडत नाही.
— कृषी पदविकेचा विद्यार्थी, रावेर

आधी १८-५५ला ५५वर ठेवून २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जा. लेन्सच्या आवृत्तीप्रमाणे साडेसहा ते नऊ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा फ्रेमभर येतो. मोठ्या डागांना हे पुरतं. सुरुवातीच्या रेषा मात्र एक-दोन मिलिमीटरच्या असतात. त्यासाठी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, आतून पोकळ नळीच असते ती, काच नसते. ५०च्या मागे २१ एमएमची नळी लावली की विवर्धन सुमारे ०.६ होतं आणि साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा भाग पूर्ण फ्रेम व्यापतो. दोन मिलिमीटरची रेष मग सव्वातीनशे पिक्सेलांची होते.

ट्यूब सोनेरी कॉन्टॅक्ट असलेलीच हवी. कॅननच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं. बिनकॉन्टॅक्टच्या स्वस्त नळीवर ते १.८ वरच अडकतं आणि केसाएवढाच पट्टा कडक येतो. एफ ११ ठेवा, फोकस लेन्सने न करता कॅमेरा पुढेमागे करून साधा. केळीचं पान वाऱ्यावर सतत हलतं, म्हणून सकाळी सातच्या आत जा आणि पानाखाली पुठ्ठा धरून दोन चिमट्यांनी बसवा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायला विसरू नका. तिच्याशिवाय फोटो सुंदर दिसेल, पण मोजता येणार नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढायचे आहेत. तीन दिवसांसाठी ७०-२०० एफ २.८ विकत घ्यावी का?
— एक वाचक, शहादा

विकत नको, भाड्याने आणा. अनामत रक्कम लिहून घ्या आणि लेन्सवर आधीच असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढून, तारीख टाकून ठेवा. दत्तजयंतीच्या सुमाराला सकाळचा उजेड इतका चांगला असतो की ५५-२५० किंवा ७०-३००सुद्धा १/१००० वर चालतात, एफ २.८ची खरी गरज दिवे लागल्यानंतर. ७०-२००चं वजन दीड किलोच्या आसपास असतं, बॉडीला धरून उचलू नका, लेन्सवरच्या ट्रायपॉडच्या कड्याला धरा.

घोडा नाचवतात तिथे धूळ गुडघ्यापर्यंत उडते. मैदानात लेन्स बदलू नका. सकाळी जी लावली ती दुपारपर्यंत. बदलावीच लागली तर वाऱ्याला पाठ करून, बॉडीचं तोंड जमिनीकडे धरून बदला. संध्याकाळी लेन्सच्या काचेवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग कापड लावा. कोरडी धूळ कापडाने पुसली की काचेवर वाळूचा कागद फिरवल्यासारखं होतं, आणि भाड्याच्या लेन्सचा तो ओरखडा तुमच्या अनामतीतून जातो. घोड्याच्या मागून कधीच नाही. बाजूने आणि निदान दहा फुटांवरून.